पिवळा दिवा का काढलास

शलाका, तुझा तो बॉस, प्रमोद सर, परवा घरी येऊन गेला. चकचकीत कागदातला खजुराचा मोठा डबा आणला होता. मी अजून उघडला नाही. उघडणारही नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर श्रद्धांजली लिहून द्या म्हणून बायका मागे लागल्यात. तुझं शिक्षण, नोकऱ्या, बक्षिसं ते सगळं नितीन देईल. मी चौथीपर्यंत शिकलेली, लिहायला बसले तर दिवाळी उजाडेल. म्हणून मी बोलतेय आणि माझा लेक, तुझा नवरा, टाईप करतोय. त्याला बजावलंय, एक शब्द गाळायचा नाही. बाकीचे सगळे हसतमुख होती, मदतीला धावायची असंच म्हणतील. होतीस. पण मला आत्ता ते बोलवत नाही. मी चिडलेय. त्या प्रमोदवर चिडलेय, या समोर बसलेल्यावर चिडलेय, आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर. लिही रे, माझ्याकडं काय बघतोस.

आधी इराचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलंय. तुझ्या कामातल्या त्या पेट्या बंद पडल्या. तुला कळलंच नाही, तू गेल्यावर पडल्या. जबल अलीच्या गोडाऊनमधे औषधं थंड ठेवतात, तिथं भिंतीवर लावलेल्या, किती थंड आहे त्याची नोंद ठेवणाऱ्या पेट्या. त्यांच्यात नवीन प्रोग्राम भरत होते आणि मधेच लाईट गेली. लाईट परत आली, पण पेट्या काही उठल्या नाहीत. ओळीच्या ओळी मेल्या. नोंदच नाही म्हणल्यावर औषधांचा भरवसा काय, टाकून दिली म्हणे सगळी.

तुझ्या ऑफिसातल्या कुणाचीतरी मुलगी इराच्या स्कूल बसमधे आहे. तिनं हिला सांगितलं, "युअर मॉम्ज कोड डिड इट."

पोरगी घरी आली ती दप्तर टाकून सरळ आत. जेवायला हाक मारली तर नॉट हंग्री. दुसऱ्या दिवशी बघते तर तिच्या फोनवरचा तुझा फोटो गेला आणि तिथं कुठलं तरी मांजर आलं. शेजारची केरळची बाई तुझी आठवण काढून डोळे पुसत होती, तर ही उठून गॅलरीत गेली. मी मागनं गेले. म्हणलं, "काय झालं बाळा?"

"नथिंग, आजी."

मग खाली रस्त्याकडं बघत म्हणाली, "वॉज मम्मा बॅड ॲट हर जॉब?"

आईला जाऊन महिना होत नाही तोवर पोरीला आईची लाज वाटायला लागली. रडत असती तर मी पोटाशी धरली असती. लाजेला काय करायचं ते मला कळंना. तिला सांगायला माझ्याकडं होतं, पण मी सांगून तिनं ऐकलं नसतं. आजीला कॉम्प्युटरमधलं काय कळतं, असंच तिला वाटलं असतं.

थोडं कळतं मला. तूच सांगितलंस, त्या विरजणाच्या दिवशी. इथं लोक दही बादलीनं विकत आणतात. मी आल्यापासून घरीच लावते, आणि विरजणाच्या दोन वाट्या ठेवते. एक हाताशी, एक फ्रिजमधे पार मागं. हाताशी असलेली एक दिवस सांडली. मागची काढली तर तिच्यावर हिरवीगार बुरशी. मी स्वतःलाच शिव्या घालत होते आणि तू मीटिंग सोडून कानातला हेडफोन काढून हसायला लागलीस. ओट्याला टेकून हसत होतीस.

"आई, माझं अख्खं काम हेच आहे हो."

मग चहा होईपर्यंत समजावून सांगितलंस. पेटीत एक चिप असते, लाईट गेली तरी तिच्यातलं पुसत नाही. त्या चिपमधे एक तक्ता असतो, प्रोग्राम कुठं आहे, नोंदी कुठं आहेत, सेटिंग कुठं आहे. तक्ता बिघडला तर सगळं जागच्या जागी असून पेटीला काही सापडत नाही. म्हणून तक्ते दोन ठेवायचे. एक गेला तर दुसऱ्यावर चालवायचं.

"आणि दुसरा आहे ना, म्हणून सगळे निवांत," म्हणालीस. "तो चांगला आहे का नासलाय, कुणी उघडून बघतच नाही. तुमच्या मागच्या वाटीसारखं."

म्हणून तू असं लिहिलं होतंस की पेटी चालू झाली की दर वेळी दोन्ही तक्ते तपासायचे. एक नासलेला निघाला तर चांगल्यावरनं तो परत लिहून काढायचा. आणि पेटीवर पिवळा दिवा लावायचा, कुणीतरी येऊन बघेपर्यंत. नवीन काही लिहायचं झालं तर दोन्हीला एकदम हात लावायचा नाही. आधी एक, तो वाचून बघायचा, मगच दुसरा. हे एकदाच लिहायचं आणि कंपनीच्या सगळ्या पेट्या तेच वापरणार. तुम्ही त्याला लायब्ररी म्हणता. "चुकलं तर एकीकडं नाही चुकणार, सगळीकडं चुकणार," म्हणालीस.

मला फार बरं वाटलं होतं ते ऐकून. आमच्या घरातली पोर असं शहाणपणाचं काम करते म्हणून. तुला तोंडानं म्हणलं नाही. आता म्हणते.

मग एका शनिवारी प्रमोद जेवायला आला. मी भरली वांगी केली होती. तुमचं दोघांचं जेवण कमी आणि वाद जास्त चालला होता, याच टेबलावर. मी वाढत होते.

"शलाका, तो दिवा काढून टाक," म्हणाला. "पेटी चालतेय ना? मग ओरडायचं कशाला?"

"सर, ती एकाच तक्त्यावर चालतेय. सांगायला नको?"

"पिवळं दिसलं की कस्टमर मला फोन करतो. मला. तुला नाही करत."

"मग त्यांना सांगू या ना, पिवळा म्हणजे काय."

"अगं लोकांना हिरवा कळतो आणि लाल कळतो. आणि ते दुरुस्तीचं पण काढ. चालत्या पेटीत आपणहून काही लिहायला जायचं नाही. समज दोन्ही तक्ते धड आहेत पण वेगवेगळे निघाले, तर खरा कुठला?"

"दोन्हीवर नंबर आहे सर. मोठा नंबर तो नवीन."

"आणि नंबरच नासला असला तर?"

"तर तक्त्यातल्या आकड्यांची शेवटी लिहिलेली बेरीज जुळणार नाही. तो तक्ता बाद."

"सगळ्याला उत्तर आहे हिच्याकडं. काकू, तुमच्याशी पण अशीच भांडते का?"

मी म्हणलं, "माझ्याशी भांडायला लागत नाही. मी पहिल्यांदाच ऐकते."

तू हसलीस, नितीन हसला, तो पण हसला. मग भाताला हात घालत म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण या वेळी काढ, पुढच्यात घालू. कस्टमर दारात उभाय. यल्ला, चल, खलास."

बरोबर आहे म्हणाला, आणि काढायला लावलं.

चहाच्या वेळेला तू सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलीस. मी विचारलं, "काढतेस?"

"बॉस आहे, आई. आणि पुढच्यात घालू म्हणालेत ना."

"पुढच्यात म्हणजे कधी?"

"इन्शाल्ला," म्हणालीस, आणि हसलीस. मला नव्हतं आवडलं ते हसणं.

पुढचं आलंच नाही. कुठल्याशा पेट्यांतला एक तक्ता कधीतरी नासला, पेटी गुपचूप दुसऱ्यावर चालत राहिली, वर हिरवा दिवा. आणि नवीन प्रोग्राम भरताना लाईट गेली तेव्हा तो दुसराही गेला. तू सांगितलं होतंस तसंच.

आता मला सांग, का काढलास? नितीनचा बाप गेला तेव्हा हा पाळण्यात होता. मी इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या. दिवसभर उभं राहायचं, नाकातोंडात सूत जायचं, पायाला गोळे यायचे. मालकाला उलटून बोलायची सोय नव्हती. एकदा एकीनं फक्त पाणी मागितलं होतं, दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनवर दुसरी उभी. ताप असला तरी जायचं, पोराला गोधडीत गुंडाळून सुताच्या गठ्ठ्यावर झोपवायचं. मला बोलताच येत नव्हतं. तुला येत होतं. मराठीत येत होतं, इंग्रजीत येत होतं. तू एकेक उत्तर देत होतीस आणि त्याच्याकडं उत्तर नव्हतं, नुसती खुर्ची होती. एवढं येत असून त्या खुर्चीला तू घाबरलीस. मी घाबरले ते पोटासाठी. तुझ्या पोटाला काय कमी होतं गं?

आणि ते दिव्याचं तरी एक वेळ सोडते. तुझं स्वतःचं?

मी बाथरूममधे घसरले होते. कंबरेला काळंनिळं झालं होतं, मी कुणाला बोलले नाही. तू मला लंगडताना बघितलंस आणि घर डोक्यावर घेतलंस. ऑफिस सोडून क्लिनिकला नेलंस. गाडीत पूर्ण रस्ताभर बोलत होतीस. "चालताय म्हणजे बऱ्या आहात असं होत नाही आई. दुखतंय तर सांगायचं."

मी म्हणलं, "सांगून दुखायचं थांबतं का?"

"थांबत नाही. पुढचं टळतं."

मी काचेबाहेर बघत बसले. आणि त्याच दिवसांत तू जिन्यात थांबत होतीस. लिफ्ट बंद असली की मधल्या मजल्यावर उभी राहायचीस, मोबाईलमधे बघितल्यासारखं करायचीस. मला वाटायचं ऑफिसचं काहीतरी असेल. मग त्या सकाळी कामाला म्हणून खाली गेलीस आणि पार्किंगमधे गाडीच्या दाराला टेकून खाली बसलीस. वॉचमननं वर फोन केला. मी खाली येईपर्यंत तुझे डोळे माझ्याकडं नव्हते. हॉस्पिटलात डॉक्टर नितीनला विचारत होता, आधी काही त्रास होत होता का, आणि हा नुसता त्याच्या तोंडाकडं बघत होता. काय सांगणार. तुझ्या पर्समधे ॲसिडिटीच्या गोळ्यांची पाकिटं निघाली, रिकामी. छातीत दुखत होतं त्याला तू ॲसिडिटी म्हणत होतीस. तेही मनातल्या मनात.

पुढचं टळतं म्हणाली होतीस ना मला. मग?

गाडीतलं हे भांडण अर्धं टाकून गेलीस. मला जिंकायचं नव्हतं त्याच्यात. मला हरायचं होतं. तुझंच खरं होतं, हे मी पुढंमागं कबूल केलंच असतं.

तुला जबल अलीलाच नेलं, तिथल्या स्मशानात. बायका येत नाहीत म्हणाले, मी म्हणलं, मी येणार. नवऱ्याच्या वेळी मला घरात कोंडून ठेवलं होतं, या वेळी नाही. ऊन असं की गाडीच्या काचेला हात लावता येत नव्हता. रस्ताभर दोन्ही बाजूला गोडाऊन. त्यातल्याच कुठल्यातरी भिंतीवर तेव्हा तुझ्या पेट्या चालू होत्या, हिरव्या दिव्यानं. मला तेव्हा माहीत नव्हतं. बरं झालं, नाहीतर मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली असती.

असं नाही की मला तुझं काही आठवत नाही. मला इथं आणलंस ती तू. नितीन म्हणत होता आईला तिथंच बरं वाटेल. तू म्हणालीस, त्यांना विचारलंस का? फोनमधे बोलून निरोप कसा पाठवायचा ते तू शिकवलंस, आणि त्याच्यामुळं माझी धाकटी बहीण मला परत मिळाली. चिठ्ठी लिहायला आम्हा दोघींनाही येत नव्हतं, मग वर्षानुवर्षं नुसतं कुणाकडनं तरी कळायचं. आता रोज सकाळी तिच्या कोंबड्याचा आवाजसुद्धा येतो. तुझ्या आधी मला कुणी असं काही दिलेलं नाही. म्हणून तर एवढा राग येतो. नाहीतर कुणाची सून, कुणाचं काय.

परवाचं सांगते.

प्रमोद आला, सोफ्यावर बसला. "फार वाईट झालं काकू," म्हणाला. "शलाका म्हणजे आमची बेस्ट इंजिनिअर." मी पाणी दिलं. मग नितीनकडं वळून हळूच इंग्रजीत सुरू झाला. मधे मधे मराठी. कस्टमरला रिपोर्ट द्यायचाय. लायब्ररी तिचीच होती. त्याच्यात दुरुस्तीचं राहून गेलं, असं लिहावं लागेल. "तिला आता कसला त्रास होणारे? बाकीच्या टीमचं तरी वाचेल. तुला कळतंय ना मी काय म्हणतोय?"

आणि हा तुझा नवरा म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा सर."

हे पण लिही. स्पेलिंग बघत बसू नकोस.

मी म्हणलं, "प्रमोदराव, मला पण कळू दे. काय राहून गेलं?"

"टेक्निकल आहे काकू."

"पिवळा दिवा ना?"

त्यानं ग्लास खाली ठेवला.

"राहून नाही गेला तो," मी म्हणलं. "तिनं घातला होता. तुम्ही काढायला लावलात. त्या खुर्चीत बसला होता तुम्ही, मी वांगी वाढत होते."

"काकू, तुमचा गैरसमज होतोय. तुम्हाला त्यातलं..."

"त्यातलं मला कळत नाही. पण तुम्ही मराठीत बोलत होता. पेटी चालतेय ना, मग ओरडायचं कशाला. हे कळायला काय शिकावं लागतं?"

नितीन म्हणाला, "आई, जाऊ दे."

"तू गप्प बस. तू आत्तापर्यंत बसलायस तसाच बस. इरा, बाहेर ये."

"मुलीला कशाला मधे आणताय?" प्रमोद म्हणाला.

"मी नाही आणलं. तुमच्या ऑफिसातनं बसमधे पोचलंय. आता तुमच्या तोंडून पोचू दे."

ती दारात येऊन उभी राहिली, हातात तो फोन धरून. मी म्हणलं, "तिची आई चुकली असं तुम्हाला कागदावर लिहायचंय ना? आधी तिच्या तोंडावर सांगा. मग लिहा."

त्यानं इराकडं बघितलं. त्यालाही मुली आहेत, तू सांगितलं होतंस.  गुडघ्यांवर हात ठेवून, खाली बघत, तिच्याशी इंग्रजीत बोलला. युअर मम्मा हॅड पुट अ वॉर्निंग. आय टोल्ड हर टु टेक इट आउट. आय थॉट देअर वॉज टाइम.

इरा म्हणाली, "अँड शी टुक इट आउट?"

"येस, बेटा."

मग उठला. दारात चपला घालताना मला म्हणाला, "काकू, माझ्या पण वर कुणीतरी असतं."

मी म्हणलं, "असेल ना. त्यांच्याशी तुम्ही बोला."

रिपोर्टात तो काय लिहील ते मला माहीत नाही. माझा भरवसा नाही. इथं बोलला ते तिथं बोलेलच असं नाही. पण मला कस्टमरचं काय करायचंय. माझा कस्टमर दारात उभा होता, शाळेच्या कपड्यात.

मला वाटलं, आता पोर मोकळी होईल. आई बरोबर होती म्हणून हसेल, निदान रडेल. ती टेबलाशी येऊन बसली. वकिलासारखी विचारायला लागली, तुझ्यासारखी.

"सो ही वॉज राँग."

"हो."

"अँड मम्मा न्यू दॅट."

"हो बाळा."

"देन व्हाय डिड शी लिसन टु हिम?"

नोकरी असते, बॉस असतो, मोठी झालीस की कळेल, असं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. माझं अख्खं आयुष्य तेच म्हणण्यात गेलंय. पण मी ते गिळलं. म्हणलं, "ऐकायला नको होतं तिनं."

 मग इराचा बांध फुटला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. शी शुड हॅव सेड नो, म्हणाली. शी शुड हॅव टोल्ड अस शी वॉज सिक. शी टेल्स एव्हरीबडी एव्हरीथिंग अँड शी डिडंट टेल अस. खुर्ची मागं ढकलून आत गेली आणि दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरच्यांनी फोन केला. नितीन उठायला लागला. मी त्याचा हात धरून खाली बसवला. म्हणलं, बस, तिला चिडू दे. जमलं तर तू पण चीड.

तुला ऐकून वाईट वाटेल शलाका. वाटू दे. परवापर्यंत तुझी लेक तुझं नाव निघालं की मान खाली घालून उठून जात होती. आता उठत नाही. आता बसून भांडते. आज डबा भरताना म्हणाली, मम्मा असं करायचीच, सगळं स्वतःकडं ठेवायची, सो अनफेअर. मी म्हणलं, हो, फार आगाऊ होती. ती म्हणाली, आगाऊ मीन्स? मी सांगितलं. तिला तो शब्द आवडला, बसला जाईपर्यंत तुला तेच म्हणत होती. बसमधल्या त्या मुलीला काय सांगितलंस, विचारलं. म्हणाली, आय टोल्ड हर माय मॉम वॉज राइट अँड आय ॲम व्हेरी अँग्री विथ हर. 

आमचा दोघींचा राग आहे तुझ्यावर. जेवायला बसलो की ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत, आणि तुझा नवरा भाताकडं बघत ऐकतो. काल त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, जिन्यात थांबायची ते मलापण दिसलं होतं. मग इरा त्याच्यावर घसरली. तासभर चालू होतं. तुझं ताट असायचं त्या बाजूला मी वरणाचं भांडं ठेवते, रिकामं बघवत नाही. पण तू तिथंच आहेस असं धरून आम्ही बोलतो, आणि तुला मधे बोलू देत नाही. आमचं अजून संपलेलं नाही.